दुनळी बंदूक : शिंगांचा रंग पाहून बैल घेऊं नका
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत एका खेडेगांवच्या शिक्षकानें केलेलें भाषण)



शाळामास्तरानें बंदुकीवर बोलावें याचें पुष्कळांस नवल वाटेल. मास्तराच्या हातीं खडू शोभतो, बंदूक शोभत नाहीं, असें कोणी म्हणेल तर तें खोटें नाहीं. पण गेल्या महिन्यांत आपल्यांतलाच एक भाऊ माझ्याकडे आला. रानडुकरांनीं त्याचा भुईमूग दोन रात्रींत उकरून टाकला होता. बंदुकीचा परवाना त्याला मिळाला होता, आणि दुनळी घेण्यासाठीं त्यानें घरचा गोऱ्हा विकायला काढला होता. "मास्तर, अर्ज तुम्हींच लिहून दिलात, आतां बंदूक कोणती घ्यावी तेंहि सांगा," असें तो म्हणाला. मीं विचारलें, "तुझ्या मनांत कोणती आहे?" तो म्हणाला, "एक पाहून ठेवली आहे. तिच्यावर चांदीची नक्षी आहे. विकणारा म्हणतो, मोठ्या वाड्यांतली आहे." मीं विचारलें, "नळ्या उघडून आंत पाहिलेंस का?" तो म्हणाला, "आंत काय पाहायचें?"

त्या एका उत्तरासाठीं आजचें हें भाषण आहे.

बंधूंनो, तुम्ही बाजारांत बैल घेतांना काय करतां? दांत मोजतां, खूर उचलून पाहतां, चालवतां, जुंपून पाहतां. शिंगांना लावलेला रंग पाहून बैल घेणारा माणूस मीं या गांवांत पाहिला नाहीं. मग बंदूक घेतांनाच आपले डोळे कोठें जातात? बैल वाईट निघाला तर एक पेरणी बुडेल. बंदूक वाईट निघाली तर हात जातो, डोळा जातो, शेजारीं उभा असलेल्याचा जीव जातो.

आधीं कायद्याचें बोलूं, कारण त्यावांचून पुढचें सारें व्यर्थ आहे. हौसेखातर शिकारीला जाण्याचे दिवस आपल्या देशांत संपले. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला आळा घातला, आणि १९९१ सालच्या दुरुस्तीनें हौसेच्या शिकारीचे परवाने अजिबात बंद झाले. मात्र जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला घातक झालें, तर तें मारण्याचा लेखी हुकूम वनखात्याचा अधिकारी देऊं शकतो. त्या हुकुमांत जें जनावर, जी जागा आणि ज्या अटी लिहिल्या असतील त्यांच्या बाहेर पाऊल टाकतां येत नाहीं. मारलेलें जनावर सरकारचें. त्याचे वांटे घालतां येत नाहींत. बंदुकीचा कायदा वेगळा. १९५९ सालच्या हत्यारांच्या कायद्यांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे, आणि ठासणीची पुरी पडत नाहीं असें अधिकाऱ्यास पटलें तर काडतुसी बंदुकीचाहि परवाना मिळूं शकतो. परवाना आधीं, बंदूक मागाहून; हा क्रम कधीं उलटा करूं नका.

तेव्हां आज आपल्या माणसावर बंदूक घेऊन घरापासून दूर जाण्याची वेळ येते ती बहुधा अशी. सोयऱ्याच्या शिवारांत डुकरें माजलीं, लेखी हुकूम निघाला, आणि परवानेवाल्याला बोलावणें आलें. आपलीं कांहीं मुलें परदेशीं नोकरीला आहेत. जेथें शिकार कायदेशीर आहे तेथें तीं जात असतील, तर त्यांनाहि पारख हीच लागते. घरीं बंदूक बिघडली तर ती बाजूला ठेवतां येते. परगांवीं, रात्रीच्या वेळीं, ओळखीचा कारागीर जवळ नसतांना ती बिघडली, तर माणूस भलतेंच कांहीं तरी करून बसतो. म्हणून दूर नेण्याची बंदूक सर्वांत भरंवशाची हवी.

ही पारख आपल्याला कां नाहीं, हेंहि समजून घ्या. १८७८ सालीं इंग्रज सरकारनें हत्यारांचा कायदा केला. एतद्देशीय माणसाला परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा ठरला, आणि गोऱ्या माणसाला सूट मिळाली. बंदूक वाड्यांतल्या भिंतीवर गेली, आणि तिची पारखहि वाड्यांतच राहिली. कायदा पुढें बदलला, पण ज्ञान आपोआप चालत घरीं येत नाहीं. तें मिळवावें लागतें. आणि या ज्ञानांत गूढ असें कांहीं नाहीं. ज्याला बिजागरी कळते, भांड्याचा आवाज कळतो, लांकडाचा तडा कळतो, त्या कारागिराला दुनळी कळायला एक संध्याकाळ पुरे.

आतां मुळापासून सुरुवात करूं. बारा बोर म्हणजे काय? पुष्कळांना वाटतें कीं बारा हें कसलें तरी लांबीचें माप आहे. तसें नाहीं. एक पौंड, म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅम शिसें घ्या आणि त्याच्या सारख्या बारा गोल गोळ्या करा. त्यांतली एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. त्याच शिशाच्या वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होईल, म्हणून वीस बोरची नळी बारीक. बाराची नळी आंतून सुमारें साडेअठरा मिलिमीटर, आणि विसाची साडेपंधराच्या थोडी वर. आंकडा मोठा तशी नळी बारीक. हें उलटें गणित घरांतल्या सर्वांना पाठ असूं द्या. कां, तें सांगतों.

माझे थोरले मामा सुतार होते. त्यांच्याकडे बारा बोरची दुनळी होती, आणि बंदूक चांगली होती. एकदां ते व्याह्यांच्या गांवीं जोंधळा राखायला गेले. जवळचीं काडतुसें थोडीं, म्हणून तेथें कोणाकडून तरी मूठभर मागून घेतलीं आणि सदऱ्याच्या खिशांत टाकलीं. त्या मुठींत एक वीस बोरचें होतें. अंधारांत तेंच हातीं आलें. बाराच्या नळींत तें घसरून पुढें गेलें आणि जेथें काडतुसाचें घर संपून नळी अरुंद होते तेथें अडकून बसलें. मामांनीं चाप ओढला. टक् असा आवाज झाला, बार झाला नाहीं. उघडून पाहिलें तर घर रिकामें दिसलें. त्यांना वाटलें, आपण काडतूस घालायचेंच विसरलों. त्यांनीं बाराचें काडतूस घातलें आणि पुन्हां चाप ओढला.

नळी फुटली. डावा हात नळीखालीं जेथें असतो, बरोबर तेथेंच फुटली. मामा वांचले, पण डाव्या हाताचीं तीन बोटें गेलीं. त्या हातानें पुन्हां पटाशी धरली नाहीं. माझा मामेभाऊ वर्गांत माझ्या शेजारीं बसत असे. त्यानें बाराव्या वर्षीं शाळा सोडून रंधा हातीं घेतला.

म्हणून पहिला नियम हा कीं एका घरांत दोन बोरचीं काडतुसें ठेवूं नका, आणि मागून आणलेलें काडतूस नळींत घालूं नका. हल्लीं बहुतेक कारखाने वीस बोरचें काडतूस पिवळ्या रंगाचें करतात, तें याच घातासाठीं. पण अंधारांत रंग दिसत नाहीं. आपल्या परवान्यावर आपण घेतलेलीं काडतुसें, तींहि दिवसाउजेडीं एकेक पाहून पट्ट्यांत भरलेलीं, एवढींच बरोबर न्यावीं. आणि चाप ओढून बार झाला नाहीं, तर तोंड सुरक्षित बाजूला ठेवून थोडें थांबा, मग उघडा, आणि नळींतून आरपार उजेड दिसल्यावांचून दुसरें काडतूस घालूं नका.

आतां बंदूक हातीं घ्या. प्रथम ती रिकामी आहे हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहा, विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वासूं नका. मग पुढील कसोट्या क्रमानें लावा.

पहिली कसोटी कागदांची. बंदुकीवरचा आंकडा आणि कागदांतला आंकडा एकच हवा. आंकडा घांसलेला, पुन्हां ठोकलेला किंवा पुसट केलेला दिसला तर ती बंदूक तेथेंच खालीं ठेवा. ती कितीहि स्वस्त असली तरी तिची खरी किंमत तुरुंग ही आहे.

दुसरी कसोटी खुणांची. नळ्या उतरवल्या कीं त्यांच्या खालच्या सपाट बाजूवर बारीक ठसे दिसतात. हे नुसते कारखान्याचे शिक्के नव्हेत. नेहमीपेक्षां जास्त जोराचें काडतूस उडवून नळी टिकली, तरच हा ठसा मिळतो. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला १६३७ सालीं सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचें कसोटीघर १८१३ च्या कायद्यानें झालें. तेव्हांपासून ही पद्धत चालू आहे. आतां एक बारीक गोष्ट. काळ्या दारूची कसोटी वेगळी आणि आजच्या बिनधुराच्या दारूची वेगळी. जुन्या कांहीं नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी सुंदर रेघ दिसते. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, सळईभोंवतीं गुंडाळून, तापवून ठोकून केलेली ती नळी असते. त्या लोहाराच्या हाताला माझा नमस्कार. पण त्यांतल्या बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठीं घडवलेल्या आहेत. बिनधुराच्या दारूचा ठसा आणि जाणत्या कारागिराची आजची तपासणी, दोन्ही असल्यावांचून तिच्यांत आजचें काडतूस घालूं नका.

तिसरी कसोटी घराच्या लांबीची. बाराचें काडतूस सगळें एकसारखें नसतें. जुन्या विलायती दुनळ्यांत घर ६५ मिलिमीटरचें, म्हणजे अडीच इंचांचें असतें; पुष्कळ नव्या काडतुसांचें माप ७० मिलिमीटर असतें. फसगत अशी कीं हें माप काडतूस उडून तोंड उलगडल्यानंतरचें आहे. न उडालेलें ७० चें काडतूस आंखूड दिसतें, ६५ च्या घरांत सहज बसतें आणि बंदूक बंदहि होते. पण बार होतांना त्याचें तोंड उलगडायला जागा नसते, दाब वाढतो, आणि आज ना उद्यां सांधे ढिले होतात. म्हणून घराचें माप वाचा आणि तेवढेंच काडतूस घ्या.

चौथी कसोटी नळीची. उतरवलेल्या नळ्या आभाळाकडे धरून आंतून पाहा. उजेडाचीं कडीं अखंड, गोल दिसलीं पाहिजेत. मध्येंच एखादें काळें कडें दिसलें तर तेथें नळी फुगलेली आहे; चंद्रकोरीसारखी छाया दिसली तर तेथें ठेंच बसली आहे. देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर तो गंज. मग नळ्या खालच्या आंकड्याला दोरी बांधून टांगा आणि नखानें हलकेंच टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की डांखलेली आहे. फुटक्या मडक्यासारखा भद्द आवाज आला तर डांख सुटला आहे. हें तांबट व कुंभार भावांना मीं शिकवायला नको.

पांचवी कसोटी सांध्याची, आणि हीच पुष्कळदां लपवली जाते. नळीखालची लांकडी फळी सांध्यावर दाब ठेवते, त्यामुळें ढिला सांधा घट्ट भासतो. म्हणून ती फळी काढा, बंदूक बंद करा, दस्ता धरून कानाशीं हलवा. टक् टक् ऐकूं आलें तर बिजागरी झिजली आहे. बंद बंदुकीच्या सांध्यांतून उजेड दिसतां कामा नये.

सहावी कसोटी चापाची. वापरलेलीं रिकामीं काडतुसें घालून चाप ओढून पाहा, म्हणजे खिळ्याला धक्का बसत नाहीं. बाजारांतल्या स्प्रिंगच्या कांट्यानें ओढ मोजा. दीड ते दोन किलोच्या दरम्यान चाप सुटावा. त्याहून हलका चाप फार घातकी. मग घोडे चढवून दस्त्याची टांच जमिनीवर दोनचारदां आपटा. एकहि घोडा पडला तर ती बंदूक नको. सुरक्षेच्या खटक्यावरहि फार विसंबूं नका. पुष्कळ दुनळ्यांत तो खटका नुसता चाप अडवतो, घोडा अडवत नाहीं.

सातवी कसोटी लांकडाची. दस्त्याचा मनगटाजवळचा बारीक भाग आणि लोखंडाला टेंकणारी कड नीट पाहा. तेथें तडा किंवा तेलानें काळें, मऊ झालेलें लांकूड असेल तर सुतार भावाला दाखवा. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि डोळे उघडा. माशी समोर नीट दिसली तर ती तुमच्या अंगाची. मान वांकडी करावी लागली तर ती दुसऱ्याची.

आतां दुनळींत दुनळी कोणती? दोन नळ्यांचा खरा उपयोग दोन बार एवढाच नाहीं. दोन चाप, दोन घोडे, दोन कमानी असलेली दुनळी म्हणजे एका लांकडावर बसवलेल्या दोन बंदुका. एकीची कमान तुटली तर दुसरी रात्र निभावून नेते. एकाच चापावर दोन्ही बार काढणारें यंत्र सोयीचें असतें, पण त्यांत गुंतागुंत जास्त. तसेंच कांहीं बंदुकांत उघडतांच रिकामें काडतूस बाहेर उडतें, कांहींत तें नुसतें वर उचललें जातें. दूर नेण्यासाठीं मी उचलणारीच घेईन. मोडायला भाग थोडे.

यंत्राचेहि दोन प्रकार आहेत. एकांत घोडे व कमानी दोन बाजूंच्या पट्ट्यांवर बसवतात. उत्तम हातची असली तर ती बंदूक फार देखणी व गोड चापाची असते, पण तिच्यासाठीं दस्त्याचें लांकूड मनगटाजवळ पुष्कळ कोरावें लागतें, आणि दुरुस्तीला तसाच निष्णात कारागीर लागतो. दुसरा प्रकार १८७५ सालीं बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यांतील अॅन्सन व डीली या दोघांनीं काढला. त्यांत सारें यंत्र एका पोलादी पेटींत मावतें, आणि नळ्या खालीं वळतांना घोडे आपोआप चढतात. हलते भाग थोडे, म्हणून बिघाडहि थोडा. साध्या पेटीची, दोन चापांची, तीन किलोच्या आसपास वजनाची बारा बोर हीच परगांवीं नेण्याची बंदूक.

विलायती कीं देशी, असेंहि कोणी विचारील. बिहारांत मुंगेरला मीर कासिमानें राजधानी नेली तेव्हां, म्हणजे १७६० नंतरच्या दोनचार वर्षांत, तेथें बंदुकांचे कारखाने घातले. तेथील कारागिरांच्या हातांत ती विद्या टिकली. जम्मूंतहि दुनळ्या होतात. परवाना असलेल्या कारखान्याची, आंकडा व कसोटीचा ठसा असलेली देशी बंदूक असेल, तर ती देशी म्हणून नाक मुरडूं नका, आणि विलायती नांवाला भुलूं नका. कसोट्या दोघींना त्याच.

प्रवासाचें थोडक्यांत सांगतों. दुनळीचे तीन भाग हत्यारावांचून सुटे होतात : नळ्या, फळी आणि दस्ता. ते सुटे करून, कापडांत गुंडाळून पेटींत न्या. काडतुसें वेगळीं. परवान्याची वही अंगावर असूं द्या, आणि परवाना ज्या हद्दीपुरता आहे ती हद्द वाचून घ्या. बरोबर नळी पुसण्याची काठी, सुतीं चिंध्या, थोडें तेल आणि जादा खिळे ठेवा. पावसांतून आल्यावर भाकर मागाहून, नळी पुसणें आधीं. बांध ओलांडतांना, ओढा उतरतांना, झाडावर चढतांना काडतुसें बाहेर काढा. हांके देणारे कोठें उभे आहेत हें दिसत नसेल तर बार करूं नका. दारू प्यालेल्या माणसाबरोबर शिवारांत जाऊं नका, मग तो मामा असो कीं मामलेदार असो. आणि माताभगिनींना विनंती आहे कीं बंदूक कुलपांत आणि काडतुसें दुसऱ्या कुलपांत असल्याखेरीज त्या घरांत मुलांना एकटें सोडूं नका. शाळेचीं पोरें मला रोज मोजावीं लागतात. त्या मोजणींत एकहि कमी पडलेलें मला पाहायचें नाहीं.

शेवटीं त्या भावाची गोष्ट पुरी करतों. दुसऱ्या दिवशीं मी त्याच्याबरोबर गेलों. नक्षी खरोखर सुंदर होती. त्यानें स्वतः नळ्या उतरवून आभाळाकडे धरल्या. डाव्या नळींत मध्यावर काळें कडें दिसलें. फळी काढून कानाशीं हलवली, तर सांधा बोलूं लागला. विकणारा म्हणाला, "जुनी वस्तु आहे, एवढें चालायचेंच." भाऊ म्हणाला, "बैल लंगडा असता तर तुम्ही चालायचेंच म्हणून घेतला असता का?" आणि आम्ही परत आलों.

गोऱ्हा अजून त्याच्या गोठ्यांत आहे. तो आतां साधी, पक्क्या सांध्याची दुनळी शोधतो आहे. वेळ लागेल. पण तोंवर रात्रीं पत्र्याचे डबे वाजवून तो पीक राखतो आहे, आणि त्याचे दोन्ही हात धड आहेत.

त्यानें जें दोन घटकांत शिकून घेतलें तें तुम्हीहि शिका आणि शेजाऱ्याला सांगा. आपली वस्तु आपल्या डोळ्यांनीं पारखणें यांत कमीपणा नाहीं. दुसऱ्याच्या बोलण्यावर आपला हात गहाण टाकणें यांत मात्र आहे.